मुठीचे तांदूळ

रायपूरच्या त्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत उपासना अर्धी मराठीत होते, अर्धी हिंदीत, पण बायकांची एक रीत दोन्हीकडे सारखीच आहे. रोज भात टाकायच्या आधी मापातल्या तांदळाची एक मूठ बाजूच्या डब्यात टाकायची. ती मूठ प्रभूची. रविवारी सगळ्या जणी आपापला डबा उपासनेला आणून एका पिशवीत रिकामा करतात, ती पिशवी एका मोठ्या स्टीलच्या कोठीत जाते, आणि महिनाअखेर ज्या घरची चूल अडली असेल त्या घरी ते तांदूळ पोचवले जातात. ही कोठी घरी सांभाळायचं आणि तांदूळ पोचवायचं काम कितीतरी वर्षं सुशीला तायडेकडे होतं.

सुशीला ते काम मन लावून करी. पण तिची एक तऱ्हा होती. उंबऱ्यातच पिशवी ओतायची, उभ्यानंच प्रार्थना करायची, आणि चहाचं नाव निघायच्या आत चपला पायात. "बसत नाही गं, अजून घरं राहिली." याला ती भलेपणा समजे. ज्यांच्याकडे तांदूळ नाहीत त्यांचं दूध-साखर कशाला संपवा? निघता निघता सांगे, "देव देतो. विश्वास पाहिजे." आणि ते ती मनापासून सांगे, कारण तिच्या स्वतःच्या घरात तांदळाचा डबा रिकामा झालेला तिनं कधी पाहिलाच नव्हता.

मग शेखर पडला. तिचा नवरा एका खासगी रोलिंग मिलमध्ये फोरमन होता. शिडीवरून पाय सटकला आणि कंबरेखालचं अंग गेलं. मिलच्या माणसांनी आधी फळं आणली, मग नुसते फोन केले, मग फोनही उचलेनात. इलाजात घर विकलं गेलं. कॉलनीतलं अंगण, तुळतुळीत फरशी, पाहुण्यांची वेगळी खोली, सगळं सोडून तिघं रुळांजवळच्या गुढ़ियारी वस्तीत भाड्याच्या दोन खोल्यांत आली. मालगाडी गेली की इथं मांडणीवरची भांडी वाजत. मुलगी मंजिरी कॉलेज करून सदर बाजारात एका कापडाच्या दुकानात उभी राहू लागली. तिचा पगार औषधांत जाई. राशनकार्ड जुन्या पत्त्याचं, नव्याची फाईल दफ्तरात कुठंतरी झोपलेली.

सामानाबरोबर मंडळीची कोठीही आली. जागा नव्हती म्हणून ती शेखरच्या खाटेशी ठेवली, वर टेबलक्लॉथ घातला आणि त्यावर त्याच्या औषधांच्या बाटल्या मांडल्या. पाहणाऱ्याला वाटावं, तिपाईच आहे.

घरातले तांदूळ उतरत चालले तसा सुशीलाचा हट्ट वाढत गेला. भात तिघांना पुरत नव्हता, तरी पहिली मूठ कोठीत जायचीच. तिच्या मनात ती स्वतः बायबलमधली ती दुष्काळातली विधवा होती, जिनं शेवटचं मूठभर पीठ देवाच्या संदेष्ट्यासाठी आधी रांधलं आणि जिचं मडकं मग संपलंच नाही. रविवारच्या शाळेत ती गोष्ट सुशीलानं किती पोरांना सांगितली होती! रोज सकाळी ती घरच्या तांदळाच्या डब्याचं झाकण उघडताना क्षणभर थांबे. न जाणो. आणि एका सकाळी डब्याच्या तळाला नुसती तांदळाची धूळ होती. तिनं डबा उलटा केला, थोपटला. काही पडलं नाही.

त्या दिवशी प्रार्थनेला तिला शब्द सुचले नाहीत. रोजच्या भाकरीची मागणी ती लहानपणापासून करत आली होती, पण भाकर घरात असताना. आज पहिल्यांदा ती खरोखर मागत होती, आणि वरून काहीच उत्तर येत नव्हतं. मी काय कमी केलं, एवढंच तिच्या मनात घुमत राहिलं.

दुपारी तिनं मुर्रा, म्हणजे मुरमुरे, भिजवून त्याला फोडणी दिली. मंजिरीनं ताट पाहिलं आणि सरकवलं.

"मम्मी, चर्च का चावल पापा के सिरहाने रखा है और हम मुर्रा भिगोके खा रहे हैं. ये कौन-सी भक्ति है?"

"ते आपलं नाही. प्रभूचं आहे."

"तो प्रभु किसको देता है? जिसके घर में नहीं है, उसी को न? फिर हम कौन हैं?"

"चूप राह्य पोट्टे! लोकं काय म्हणतील, कोठीवालीनंच कोठी खाल्ली?"

"खाने को कौन बोल रहा है? माँगने को बोल रही हूँ." मंजिरी ओढणी उचलून दुकानात निघून गेली.

सुशीला शेखरला मुर्रा भरवायला बसली. त्याचे हात चालत, पण उताणं पडून खाताना सांडे, म्हणून तीच भरवी. दोन घास खाऊन तो म्हणाला, "ते विधवेची गोष्ट सांगत असते ना तू. त्या गोष्टीत तू कोण?"

"कोण म्हणजे? ते बाई."

"आन् तो संदेष्टा? परक्या गावात, उपाशी, एका बाईच्या दारात उभा राहून भाकर मागून राहिला. देवानंच धाडलं होतं त्याले. तो का कमी भक्त होता?"

"तुमाले बोलाले काय जाते? पडल्या पडल्या प्रवचन!"

"पडल्या पडल्याच तर सुचलं," शेखर हसला. "उभा होतो तवा कुठं वेळ होता मले?"

ती रागानं ताटली घेऊन उठली. पण नळाशी ताटली घासताना राग काही टिकेना. या माणसाला ती रोज पुसत होती, कूस बदलून देत होती, घास भरवत होती. सुरुवातीचे कितीतरी दिवस तो भिंतीकडे तोंड करून रडला होता. मग हळूहळू त्यानं तोंड वळवलं. दुसऱ्याच्या हातून घेणं काय असतं, हे या घरात त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? आणि ती, देणारी, अजून भिंतीकडेच तोंड करून बसली होती.

पुढचा रविवार महिन्याचा शेवटचा होता, प्रभुभोजनाचा, वेदीपुढं भाकर घेण्याचा. सगळे रांगेनं पुढं गेले. सुशीलानं नेहमीसारखा डाव्या तळव्यावर उजवा तळवा ठेवला आणि हात पुढं केले. पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा त्यात ठेवला. ती जागेवर परतलीच नाही लवकर. मागच्या बाईनं हलकेच ढकललं तेव्हा भानावर आली. इतकी वर्षं ती दर महिन्याला इथं हात पसरत होती. तो हात पसरायची तिला लाज वाटली नव्हती, कारण तो पसरलेला आहे हेच तिला कधी दिसलं नव्हतं.

उपासनेनंतर बायकांच्या मंडळाची बैठक बसली. अध्यक्ष मीनलताईंनी विचारलं, "हं सुशीलाताई, या महिन्यात कोणाकोणाला द्यायचे? तुम्हीच सांगता नेहमी."

"सोनियाकडे," सुशीला म्हणाली. "नत्थूबाबांकडे." मग तिनं पदर सारखा केला. "आणि तायड्यांकडे."

"कोण तायडे? नवीन आलेत का कोणी?"

"आम्हीच. माझ्याच घरी मीनलताई. तांदूळ संपले आमचे."

कोणीतरी हसलं, थट्टा समजून. मीनलताई तिच्याकडे बघतच राहिल्या. "अहो, पण कोठी तर तुमच्याच... आणि परवापर्यंत तुम्ही स्वतःचा डबा..." सुशीलाची मान खाली होती, पण ती उठून गेली नाही. एवढं उठून न जाणंच त्या दिवशी तिला फार जड गेलं.

मंडळाचा नियम असा की कोठीवालीनं स्वतःला स्वतः मापून घ्यायचं नाही. मागच्या बाकावरून सोनिया उठली. सोनिया ही शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करणारी विधवा. तिच्या उंबऱ्यात सुशीलानं कितीदा पिशवी ओतली होती. "मैं जाऊँगी दीदी के घर," ती म्हणाली.

संध्याकाळी सोनिया आली. औषधाच्या बाटल्या एकेक करून उतरवल्या, कोठीचं झाकण काढलं आणि सुशीलानं धरलेल्या पातेल्यात ओंजळीनं तांदूळ टाकू लागली. प्रार्थना झाली. सुशीला वाट बघत राहिली, आता ही निघेल. सोनिया भिंतीला टेकून ऐसपैस बसली.

"चाय नहीं पिलाओगी?"

"दूध नाही गं सोनिया. साखर पण..."

"काली बना दो, गुड़ हो तो डाल दो. आज तो बैठूँगी. तुम हमारे घर आती थीं न दीदी, दरवाज़े से ही भागती थीं. मैं हर बार पानी चढ़ाके रखती थी."

सुशीला शेगडीकडे वळली. दर वेळी आधण ठेवलेलं असायचं, आणि ती चपलांत पाय घालत असायची. तिनं शेगडी पेटवली.

चहानंतर तिनं भात टाकला. शिजला तो पाहून तिला वाटलं, आपलंच काही चुकलं. काही शितं लगदा झालेली, काही दाताखाली टचटच करणारी, मधूनच दुबराज या सुवासिक तांदळाचा वास. सोनिया हसत सुटली.

"दस घर का चावल है, मोटा-पतला सब. एक साथ थोड़े पकता है!"

इतकी वर्षं हे तांदूळ वाटले, आणि ते शिजतात कसे हे सुशीलाला ठाऊक नव्हतं. "मग तुम्ही कसं खाता?"

"रात को पानी में डाल दो. सुबह बासी बन जाएगा. कड़ा-नरम सब बराबर."

सकाळी पातेल्यातल्या पाण्यात रात्रीचा भात खरंच एकसारखा मऊ झाला होता. कांदा, मीठ, हिरवी मिरची. मंजिरीनं दोनदा घेतला आणि दुकानात जाताना एवढंच म्हणाली, "अच्छा है, मम्मी." शेखरला भरवण्याआधी सुशीलानं डोळे मिटले. नेहमीची लांब, घडीदार प्रार्थना आली नाही. "प्रभू, मिळालं," एवढंच तिच्या तोंडून निघालं, आणि ते पुरेसं वाटलं.

मग तिनं दुपारच्या भाताचे तांदूळ मापले, त्यातली मूठ घेतली, बाटल्या बाजूला सारल्या आणि कोठीत टाकली.

"काल तिथूनच काढले ना?" शेखर म्हणाला. "त्या कोठीले चक्कर येईल बाप्पा."

"येऊ द्या," ती म्हणाली आणि हसली. या घरात आल्यापासून बहुधा पहिल्यांदाच.

राशनकार्ड अजून आलं नव्हतं. मालगाड्या भांडी वाजवतच होत्या. नत्थूबाबांच्या वाट्याची पिशवी घेऊन ती त्यांच्याकडे पोचली तेव्हा म्हातारे दारातच काठी टेकून उभे होते. पिशवी ओतून झाली. सवयीनं तिचा पाय चपलेकडे वळला. मग तिनं चपला पुन्हा भिंतीशी नीट लावल्या आणि आत जाऊन चटईवर बसली.

"बाबा, आज प्रार्थना तुम्ही करा," ती म्हणाली. "आणि चहा असेल तर मले पण द्या."