लंगोटांची दोरी

माझ्या पहिल्या लेकीचं वजन वाढावं म्हणून मी तिच्या दुपट्यात चक्क खलबत्त्यातला पितळी बत्ता लपवला होता. वय वीस, अक्कल त्याहून लहान. "या खेपेला वजन वाढलं नाही, तर वरचं दूध सुरू," असं सासूबाईंनी बजावलं होतं आणि मला तर लेकीला अंगावरच पाजायचं होतं.

महापालिकेच्या नर्सबाई आल्या. बाळाआधी त्यांनी गॅलरीतली दोरी न्याहाळली. मग बाळाची झोळी काट्याला अडकवली. काटा असा धावला, की सासूबाईंनी चष्मा पुसला! मला हसू आणि घाम एकदमच फुटला. बाईंनी झोळीत हात घातला, "काटा अडकला होता," म्हणत काहीतरी स्वतःच्या पिशवीत सरकवलं आणि पुन्हा वजन केलं.

"आजी, वजन बेतानं वाढतंय. पण दोरीवर सकाळपासूनचे नऊ लंगोट वाळतायत. पोटात दूध गेल्याशिवाय का एवढे भिजतात? वरचं काही नको."

जिन्यात त्यांनी बत्ता माझ्या हातात ठेवला आणि गंभीरपणे म्हणाल्या, "बाळ छान वाढतंय हो. बत्ता मात्र होता तेवढाच आहे. त्याला हवं तर वरचं दूध सुरू करा."