माझ्या निरोपाचा फोटो

परवा घोटीहून एक बाई तांदूळ घेऊन आल्या. आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत पहिल्यांदाच आल्या होत्या, शेजाऱ्यांनी नंबर दिला होता. पिशवी खाली ठेवली आणि हॉलमधल्या फोटोकडे बघतच राहिल्या...

फोटो माझ्या निरोपाचा आहे. हायकोर्टात अपिलं ऐकण्यात माझी अकरा वर्षं गेली, त्यातला हा शेवटचा दिवस. गळ्यात हार, आजूबाजूला वकील आणि मी अगदी प्रसन्न वगैरे. कुणी विचारलं नाही तरी मी हा फोटो दाखवतो, ही आमच्या हिची जुनी तक्रार!

"मी व्हते ना तिथं," बाई म्हणाल्या. "मागच्या बाकावर. आमच्या मालकांचं अपील व्हतं."

नाव काही आठवेना. दरोड्याचा खटला, दहा वर्षांची शिक्षा, असं त्या सांगत गेल्या तेव्हा आठवलं... दोन दिवस ऐकलं होतं मी ते. पुरावा पोकळ होता, हा माणूस सुटणार हे माझ्या मनात पक्कं झालं होतं. फार तर तासाभराचं काम उरलं होतं.

पण तीन वाजता फोटो होता, मग कोर्टातच भाषणं. मी वकिलांना म्हणालो, पुढच्या साहेबांसमोर चालवा. आणि आमच्याकडची रीत अशी, की अर्धवट ऐकलेलं अपील नव्या न्यायाधीशापुढे गेलं की पहिल्या पानापासून सुरू होतं. मला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे...

"वकील म्हनले व्हते, साहेबांना पटलंय, आज काम व्हईल," बाई म्हणाल्या. "मंग तुमचा फोटो निघाला."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

नवरा सुटला. निर्दोष. तीन वर्षांनी... आता कसे आहेत, मी विचारलं.

"खाली टेम्पोत हायेत. लिफ्टचं दार लागलं का लय घाबरत्यात."

अपिलात बहुतेक वेळा आरोपी समोर नसतोच, नुसते कागद असतात. मी जिना उतरून खाली गेलो. एक हडकुळा माणूस टेम्पोची दोन्ही दारं उघडी टाकून बसला होता. मला गिऱ्हाईक समजून तो लगबगीने उठून उभा राहिला.

"तांदूळ बरा हाय ना, साहेब?"

माफी मागायला गेलो होतो. "चांगला आहे," एवढंच तोंडातून निघालं आणि मी वर आलो. स्वतःची लाज वाटली, अजून वाटते आहे.

निरोपाच्या भाषणात मी म्हणालो होतो, माझ्यामुळे कुणाला एक दिवसही जास्त तुरुंगात काढावा लागला नाही. खूप टाळ्या पडल्या होत्या... त्या बाई तेव्हाही मागच्या बाकावरच बसल्या होत्या.