तळातला कापूस

आमच्या मामांना डॉक्टरांनी नीट पाहिलंच नाही. मलकापुरात ज्याला हे ऐकवत नसेल, त्यानं माझ्या दुकानाची पायरी चढू नये.

मामा कापसाच्या बाजारातले दलाल. सगळा बाजार त्यांना मामाच म्हणे. गाडी आली की वरच्या पांढऱ्याशुभ्र कापसाकडे ते बघतही नसत. कोपरापर्यंत हात खुपसून तळातला पुंजका काढत आणि गाडीवाल्याच्या नाकासमोर धरत. "वरचा कापूस सोयऱ्याले दाखवाले असते बे, तळचा आपल्याले पाह्याले." वडनेरहून अंगावरच्या बंडीनिशी आलेल्या मला त्यांनी एवढंच शिकवलं. त्याच्यावर मी दुकान उभं केलं.

स्वतःचं मात्र ते वरचंच दाखवत. त्या हंगामात त्यांना धाप लागू लागली, पाय सुजले. त्यांनी जोड्यांच्या टाचा कापून घेतल्या. मी विचारलं तर म्हणाले, "जोडे आटले बे. तू भाव पाह्य." झोपही भिंतीला टेकून, बसल्या बसल्या.

एका दुपारी ते बाजारातच खाली बसले. ओठ निळे, छातीत घरघर. डॉक्टर आले, अंगातल्या बंडीवरूनच छातीला नळी लावली. "जिनिंगची धूळ. दमाच आहे." आमच्या गावात धाप म्हणजे दमा, हे आम्हीही धरूनच चाललो होतो. पण आम्ही डॉक्टर नव्हतो. त्यांनी दम्याची सुई टोचली आणि मामांना आडवं करायला सांगितलं.

"मले निजवू नका. बसू द्या."

"हट्ट करू नका, पडून राहा."

मामांनी त्यांचा हात झटकला. "डॉक्टरसाहेब, पयले माल त पाहा."

बाजारातले चौघं मामांना खाली दाबत होते. मी त्या चौघांना ढकललं आणि मामांना छातीशी टेकवून बसवलं. तसेच ते गेले; बसून गेले, निजले नाहीत.

पुढे नागपूरच्या एका डॉक्टरांनी मला समजावलं, की हृदय थकलं होतं, फुप्फुसात पाणी भरलं होतं. दम्याच्या सुईनं त्या हृदयावर उलट ताणच आला असेल. "दम्यात आणि यात भलेभले चुकतात," ते म्हणाले. "पण पाय पाहिले होते का?"

ओळखणं अवघड असेल, मान्य. जोडे काढणं अवघड नव्हतं.

टाचा कापलेले ते जोडे दुकानातल्या माझ्या गादीशेजारी आहेत. डॉक्टर, तुमचा टांगा रोज इथूनच जातो आणि तुम्ही रोज तोंड फिरवता. मामा वाचले असते का, हे मी विचारत नाही. एकदा उतरा, या जोड्यांसमोर उभे राहा आणि ते का काढले नाहीत, तेवढं सांगा.