इस्तंबूलला मी जिंकलेली घासाघीस

तुळशीबागेतले दुकानदार मला बघून मान फिरवायचे. भाव पाडायची माझी रीत साधी होती. वस्तू हातात घ्यायची आणि तिला नावं ठेवायची. रंग जाईल, शिवण कच्ची आहे, टोपण नीट बसत नाही. वस्तू मनात भरली असेल तर अंमळ जास्तच.

त्यामुळे आयटीतल्या लेकीनं आम्हा दोघांना इस्तंबूलच्या सहलीला पाठवलं, तेव्हा तिथल्या चिकट विक्रेत्यांची मला धास्ती नव्हती. काळजी होती ती यांची. हडपसरच्या एका कंपनीत हे अठ्ठावीस वर्षं लेथवर टर्नर होते. कॉम्प्युटरवर चालणारी मशीन आली आणि कंपनीनं थोडीबहुत रक्कम हातावर ठेवून, व्हीआरएस म्हणून यांना घरी बसवलं. त्यानंतर दोन वर्षं हा माणूस कशातच नव्हता. वाढलं की जेवायचे, टीव्ही लावला की बघायचे. परदेशात तरी चार शब्द बोलतील, एवढीच आम्हा मायलेकींची आशा.

चार दिवस काही फरक नाही. बसमधले सगळे खिडक्यांना चिकटलेले आणि हे समोरच्या सीटकडे बघत बसलेले.

पाचव्या दिवशी बाजारात एक विक्रेता मागे लागला. "नमस्ते इंडिया! मॅडम, ओन्ली लुक!" नको म्हटलं की दोन पावलं पुढे जाऊन वाट अडवायचा. शेवटी त्यानं यांची बाही धरून दुकानातल्या स्टुलावर बसवलंच आणि हातात मिरी दळायचं पितळी यंत्र दिलं. मी यांना उठवणार, तेवढ्यात यांनी खिशातून चष्मा काढला. झाकण फिरवून उघडलं, आत बोट घातलं.

"अगं, हे बघ," म्हणाले, "आटे हातानं पाडलेत. काय सरळ आलेत!"

दोन वर्षांत यांनी मला पहिल्यांदा काहीतरी दाखवलं होतं. मला तिथंच रडू फुटेल असं वाटलं.

मागेल ती किंमत टाकून ते घ्यायला हवं होतं. पण त्यानं आकडा सांगितला आणि माझी खोड उसळली. यांच्या हातातून मी ते यंत्र काढूनच घेतलं. "हॅन्डवर्क," मी नाक मुरडलं. "नो फिनिशिंग. मशीन बेटर. मशीन चीप." तो छातीवर हात ठेवून शपथा घ्यायला लागला. मी निघाल्यासारखं केलं, परत आले, परत तेच म्हटलं. निम्म्याहून कमी भावात दिलं त्यानं.

मोठ्या ऐटीत वळले, तर हे दुकानाबाहेर जाऊन उभे होते. चष्मा खिशात गेला होता. मी पुडकं पुढे केलं, यांनी हात पुढे केला नाही. आपण काय बोलून बसलो, ते मला तेव्हा कुठे कळलं. केबिनमध्ये बोलावून साहेबांनी यांना नेमकं हेच ऐकवलं होतं. माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

"अहो, ते मनापासून नव्हतं," मी म्हटलं. "भाव पाडायला बोलतातच की तसं."

"ठाऊक आहे मला," हे म्हणाले. "त्यांनीही भावच पाडला होता."