आईच्या खोलीतलं नवं छत

गेल्या रविवारी तलासरीच्या घरी आईच्या खोलीत नवे दिवे बसवले. लोंबणारे नाहीत... छतातच गाडलेले, गोल, चपटे एलईडी.

कारण आई. आमच्याकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले तेव्हा सगळा पाडा अंगणात झोपायचा. हळूहळू लोक घरात गेले, आई गेली नाही. ती अजून बाहेर ओट्यावर झोपते, खोलीचं दार उघडं ठेवून.

मागच्या थंडीत तिची छाती भरली, दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी बजावलं, यापुढे उघड्यावर नको. आणि थंडी पुन्हा तोंडावर आली आहे.

तिला डोक्यावरच्या वस्तूंची भीती वाटते, असं मी धरून चाललो. म्हणून कौलांखाली हलकं पीव्हीसीचं छत करून घेतलं, पंखा भिंतीवर नेला. दिव्यांसाठी डहाणूतल्या, म्हणजे मी राहतो तिथल्याच, एका दुकानात गेलो.

दुकानदाराने पांढरा, पिवळा, लहान, मोठा सगळं लावून दाखवलं. मी एकच विचारत होतो, पडणार नाही ना? "भाई, एक वेळ आमचं दुकान पडेल," तो म्हणाला, "स्प्रिंग आहे याला." पिवळसर उजेडाचे चार घेतले.

सुरेश वायरमन पाड्यावरचाच. त्याने छताला गोल भोकं पाडली, वायरी जोडल्या, स्प्रिंगा दाबून एकेक दिवा आत सरकवला. मग मधोमध लोंबणाऱ्या जुन्या बल्बकडे बोट दाखवलं. मी म्हणालो, काढ.

"मावशी, काढू ना?" त्याने दारातून आईला विचारलं.

"डहाणूच्या साहेबांना विचार. मी काय, ओट्यावरची."

संध्याकाळी दिवे लावले. खोली मोठी वाटू लागली... कोपऱ्यातली भेगही पहिल्यांदाच नीट दिसली. वहिनी म्हणाली, "आई, लग्नघर झालंय नुसतं. या आता आत."

आई आली. खाटेवर बसली. तिने वर पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली. मग चादर उचलून पुन्हा बाहेर निघाली.

"आता काय झालं?" माझा आवाज चढला होता.

"मला सारखं हलल्यासारखं वाटतं रे. बसले तरी, निजले तरी. मग दारातून बल्ब बघायचे. तो हलत नसला की कळायचं, जमीन नाही... मीच. मग डोळा लागायचा." तिने हाताने वर दाखवलं. "तुझे दिवे हलतच नाहीत. कळणार कसं?"

दार लावून घे म्हणून आम्ही सगळे तिच्यावर किती वेळा ओरडलो होतो.

"उद्या सुरेशला सांगून परत टांगतो," मी म्हणालो.

"टांग. आज काय करू?"

ती ओट्यावर जाऊन बसली. मी तिच्या खाटेवर बसून राहिलो, त्या नव्या उजेडात.

काही वेळाने पायाखाली थरथरल्यासारखं झालं. निदान मला तसं वाटलं. वर पाहिलं... चारही दिवे जागच्या जागी, शांत. वहिनीला विचारलं, तिला काही जाणवलं नव्हतं. तरी मला खाटेवर बसवेना.

उठलो, बाहेर गेलो. आईने माझ्याकडे पाहिलं.

"तुला पण?"

मी मान डोलावली. भिंतीकडे सरकून तिने जागा केली, अर्धी चादर माझ्याकडे दिली.

इतकी वर्षं आम्ही तिला आत ये, आत ये म्हणत राहिलो... तिच्याजवळ बाहेर जाऊन बसावं, हे कोणालाच सुचलं नव्हतं.