माधव घरी येतो का?

किस्से ठरवून साठवता येत नाहीत. आम्ही साठवायला बसलो होतो अभ्यास, वर्ध्याच्या कॉलेजात, छप्पन-सत्तावन साली, बी. ए.च्या मराठीच्या वर्गात. तो अभ्यास केव्हाच उडून गेला आणि किस्से तेवढे तळाशी राहिले. आजही आमच्यातले दोघे बाजारात भेटले तर पिशवीतली भाजी सुकेपर्यंत घरी जात नाहीत.

वर्ग पाच जणांचा. जामचा नामदेव, कपाशीवाल्याचा मुलगा. नालवाडीचा सुखदेव. शकुंतला, एकटी मुलगी आणि एकटीच हुशार. मी, म्हणजे कवी. आणि मागच्या बाकावर वामनराव. ते चाळिशीचे, प्राथमिक शाळेत मास्तर, सकाळची शाळा आटोपून सायकलीवर यायचे. शिकवायला पिंपळखुटे सर. सरांनी त्या वर्षी विषय घेतला होता, कवितेत आणि कादंबरीत माणसाचं मीपण, कुटुंब आणि मनाचे आजार. विषय ऐकून नामदेवानं पहिला प्रश्न विचारला की सुट्ट्या केव्हा लागतात.

*

दिवाळीनंतर पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर लिहिलं, 'मी कोण?' आणि दहा ओळी मागितल्या.

नामदेवानं पाच मिनिटांत कागद दिला. नाव, वडिलांचं नाव, मौजा जाम, तहसील हिंगणघाट, विहीर एक, बैलजोड्या तीन. सर म्हणाले, "अरे, हा तर पटवाऱ्याचा कागद झाला." नामदेव म्हणाला, "सर, हे वगळलं तं माह्यापाशी काईच उरत नाई."

सुखदेव मात्र कोऱ्या कागदाकडे बघत बसला होता. दसऱ्याला तो घरच्या सगळ्यांबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. त्यानं विचारलं, "सर, दसऱ्याच्या अगुदरचा लिवू का नंतरचा?"

सर म्हणाले, दोन्ही लिही. सुखदेव म्हणाला, दोघं एका कागदावर मावणार नाहीत. सरांनी आपल्या वहीतले चार कागद फाडून दिले. तो तासभर लिहीत राहिला आणि आम्हाला कोणी काही विचारलं नाही, म्हणून आम्ही त्याचे फार आभारी होतो.

*

मनाच्या आजाराची लक्षणं सरांनी एका इंग्रजी पुस्तकातून उतरवून दिली. एकटंच बोलणं, विनाकारण हसणं, नसलेल्या माणसाशी भांडणं. दोन दिवसांत आम्हाला सगळी लक्षणं झाली. मला तर आठवण्याआधीच विसरायला व्हायला लागलं.

नामदेव रविवारी गावी जाऊन आला आणि सोमवारी उभा राहिला. "सर, बाप बैलायसंग बोलते. आजी मेलेल्या आज्यासंग भांडते. काका जेवता जेवता हासते. आन् माय या तिघायले पाहून कपाळ बडवते. यातलं आजारी कोन?"

सर म्हणाले, "आई." आणि ती यादी त्यांनी सगळ्यांकडून परत घेतली.

*

आता माझा किस्सा. कॉलेजच्या हस्तलिखित अंकात माझी कविता लागली होती, 'आई, मी या घरात कोणाचाच नाही'. आमच्या सेलूचा एकजण ती वाचून गेला. तिसऱ्या दिवशी वडील थेट वर्गात. हातात धोतराचा सोगा, दंडाला बांधायला आणलेला गंडा.

सरांना म्हणाले, याला कोणी सांगितलं हा कोणाचा नाही म्हणून? सात लेकरांत एक हाच नाकानं माझ्यावर गेला आहे. सरांनी त्यांना खुर्ची दिली आणि शांतपणे समजावलं, की कवितेतला 'मी' म्हणजे तुमचा मुलगा नव्हे, तो निराळा.

वडिलांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "मंग त्या निराळ्याले सांगा घरी चिठ्ठी लिवाले. हा तं तीन महिन्यांपासून लिवून नाई राह्यला."

गंडा मी वर्षभर बांधला. चिठ्ठीही दर शनिवारी टाकली.

*

परीक्षेला लावलेल्या कादंबरीची प्रत एकच होती, नागपूरहून मागवलेली. वाचणारे पाच आणि परीक्षा मार्चात. सरांनी स्टेशनजवळच्या बाइंडरकडून पुस्तक उसवून घेतलं. बारा फर्मे सुटे झाले, फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. प्रत्येकानं आठवड्याला एक न्यायचा, मग बदलायचा. क्रम वगैरे काही नाही, हाताला येईल तो.

पहिल्या चर्चेला नामदेव म्हणाला, ही लग्नाची कादंबरी आहे आणि पंगत चांगली झाली. शकुंतलेच्या फर्म्यात फक्त सासू होती. सुखदेवाच्या फर्म्यात कोर्ट. माझ्या फर्म्यात माधव नावाचा थोरला भाऊ दिवसभर अंगण झाडत होता आणि शेवटी घरचे त्याला इस्पितळात पोचवून येत होते. यात वेडा कोण, यावर भांडण लागलं. नामदेवानं नवरदेवाचं नाव घेतलं, शकुंतलेनं सासूचं, सुखदेवानं वकिलाचं.

सर खूश झाले. म्हणाले, घरात राहणाऱ्यांचंही असंच असतं, प्रत्येकाच्या हाती एकच फर्मा. नामदेव म्हणाला, "मंग बाइंडरले बलवा ना सर."

या गोंधळात वामनरावांनी एवढंच विचारलं, की माधव घरी परत येतो का? सर म्हणाले, फर्मा येईल तेव्हा कळेल. पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा तेच विचारलं. त्याच्या पुढच्याही.

*

वामनराव नालवाडीला सुखदेवाच्या शेजारीच राहायचे. त्यानं आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं. वामनरावांचा थोरला भाऊ दोन वर्षं नागपूरच्या पागलखान्यात होता. वामनराव दर रविवारी डबा घेऊन जायचे. डॉक्टर म्हणत होते, आता बरे आहेत, घरी न्या. आळीतले लोक म्हणत होते, आणू नका. आणि वामनराव मधल्या मधे अडकले होते. ऐकून मला माझ्या कवितेची लाज वाटली.

तेवढ्यात कादंबरीच्या शेवटाचा फर्मा नामदेवाकडे आला. वाचून आला तो तोंड पाडूनच. "मरते ना बे माधव. विहिरीत उडी घेते."

आम्ही चौघांनी ठरवलं, हा फर्मा वामनरावांच्या हाती जाता कामा नये. दुसऱ्या दिवशी नामदेवानं वर्गात जाहीर केलं की जामला बकरीनं फर्मा खाल्ला. पानाचा कोपरा दुमडला तरी सर दोन दिवस बोलत नसत. पण ते नामदेवाला एवढंच म्हणाले, बकरी मराठीची दिसते.

मागच्या बाकावरून वामनराव उठले. "सर, तुमी तं वाचलं असन. येते का माधव घरी?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "येतो. गाडीतून उतरतो, आणि धाकटा भाऊ फलाटावर उभा असतो."

वामनराव बसले. त्याच रविवारी ते नागपूरला डबा न घेता गेले आणि भावाला घेऊन आले.

*

परीक्षेत नेमका सक्तीचा प्रश्न, 'कादंबरीच्या शेवटाचे विवेचन करा.'

वामनराव समोरच्याच बाकावर. आम्ही खरं लिहिलं तर बाहेर पडल्यावर बोलणं निघणार, आणि ते एकटेच चुकलेले ठरणार. आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. माधव घरी आला. शकुंतलेनं त्याच्यावर तीन पानं लिहिली. नामदेवानं तर फलाटावर बँड लावला, आणि बाहेर येऊन ते वामनरावांना मुद्दाम ऐकवलं. ते म्हणाले, बरं केलं.

निकाल लागला. आम्ही चौघं कसेबसे पास. शकुंतलेला थर्ड क्लास, तिच्या घरी दोन दिवस कोणी जेवलं नाही. आणि मराठीत पहिले आले वामनराव.

पेढे घेऊन नालवाडीला त्यांच्या घरी गेलो. नामदेवानं बसण्याआधीच विचारलं, की शेवट काय लिहिला होता?

"पुस्तकात हाये तोच. विहिरीत उडी घेते."

त्यांच्या मागच्या फळीवर तीच कादंबरी उभी होती, अख्खी, न उसवलेली. ऑगस्टातच नागपूरला घेतली होती म्हणाले.

शकुंतलेचा थर्ड क्लास तिच्या घशाशी आला. "मग सरांना काऊन विचारलं होतं?"

"कोनाच्या तरी तोंडून 'येते' आयकाचं होतं." वामनरावांनी आतल्या खोलीकडे मान वळवली. "दादा, झाला काय चहा?"

आतून एक उंच माणूस ताट सांभाळत कपबशा घेऊन आला. आम्हा चौघांकडे त्यानं एकेक करून पाहिलं.

"यातला बँडवाला कोन?"

नामदेव उभा राहिला. पहिला कप त्याला मिळाला.