मागचा सुळका

गावात त्याला कुणी नावानं हाक मारत नसे. ओळखपत्रांचे आणि लग्नांचे फोटो काढणारा हा माणूस. गिऱ्हाईक स्टुलावर टेकलं की ह्याचं पहिलं वाक्य "हलू नका", आणि फोटो निघून गिऱ्हाईक चपला घालू लागलं तरी ह्याचं आपलं "हलू नका" चालूच. मग गावानं त्याचं नावच 'हलूनका' पाडलं. त्याचं त्याला काही वाटलं नाही. वैताग होता तो एकाच गोष्टीचा, पाठीमागच्या पांढऱ्या पडद्याचा.

"माणूस काय हवेत लटकतो का?" तो बायकोजवळ कुरकुरायचा. "त्याच्या मागं त्याचं घरदार दिसायला नको?"

"सरकारला पांढरं लागतं. सरकारशी भांडा," बायको म्हणायची आणि पुन्हा फोटो कापायला लागायची. दुकान खरं तिच्याच जिवावर चालायचं. लांबट खोली, पुढं काउंटर, काचेखाली गावातल्या दोन पिढ्यांची तान्ही बाळं, आणि मागं दोन दिवे. त्यातला एक थप्पड खाल्ल्याशिवाय पेटत नसे. आठवड्यातून एकदोन दिवस हलूनका डोंगरात गडप व्हायचा आणि गिऱ्हाइकांची बोलणी बायकोला खावी लागायची. "सवत आहे माझी ती वर," ती हसून सांगायची. "पण बरी आहे बिचारी, घरी येत नाही."

डोंगर म्हणजे त्याचं खरं दुकान. बर्फ वितळू लागलं की ओल्या गवतावर येणारी हरणं, उन्हाळ्यात कड्याच्या सावलीला बसलेले रानबकरे, पानं पिवळी पडली की ओढ्याकाठचे कोल्हे, आणि थंडीत नुसता पांढरा उतार आणि त्यावर एखादी पावलांची रेघ. वर्षामागून वर्षं तो हेच टिपत आला. शहरातून हातभर लांब भिंगं घेऊन फोटोवाले यायचे आणि जनावराचं नुसतं तोंड भरून फोटो काढायचे. हलूनकाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "हे ओळखपत्राचे फोटो झाले," तो म्हणायचा. "लांडग्याला काय कचेरीत दाखवायचंय?" त्याच्या फोटोत जनावर लहान असायचं आणि मागं त्याचा डोंगर पुरता असायचा. कुठला कडा, कुठला सुळका, ऊन कुठून आलंय, सगळं. त्याचा तो हट्ट होता आणि त्या हट्टाचा त्याला गर्व होता, हेही सांगायला हवं.

जंगलाच्या चौकीवरचा गार्ड त्याच्यापेक्षा वयानं बराच लहान, पण दोघांची गट्टी जुनी. तोंडानं कमी बोलणारा, पायानं कधी न थकणारा माणूस. त्यानंच एका हिवाळ्याच्या शेवटी त्याला अस्वलीण दाखवली. दोन सुळके एकमेकांना टेकल्यासारखे उभे होते, त्यांच्या खालच्या कपारीत ती दरवर्षी थंडीभर झोपायची आणि तिथंच व्यायची.

"दादा, एक शब्द द्या," गार्ड म्हणाला होता. "ही जागा तुम्हाला आणि मला. तिसऱ्याला नाही. कातड्याला काय भाव आलाय, तुम्हाला कल्पना नाही. पिल्लं तर जिवंत पळवतात."

"माझ्या तोंडाला कुलूप," हलूनका म्हणाला.

आणि कुलूप त्यानं खरोखर लावलं. कुणालाही ताकास तूर लागू दिली नाही. जाताना मुद्दाम उलट्या दिशेच्या वाटेनं गाव सोडायचा. कुणी विचारलं तर "सासुरवाडीला" म्हणायचा, आणि सासुरवाडी गल्लीच्या टोकालाच असल्यामुळं लोक हसून सोडून द्यायचे. बायकोलाही त्यानं जागा सांगितली नाही. तिनं विचारलीही नाही.

मग एका वसंतात त्याला हवा तसा फोटो मिळाला. खडकाआड पालथा पडून त्याचे हातपाय लाकूड झाले होते. अस्वलीण बाहेर आली, उजेडाला डोळे बारीक करून उभी राहिली. तिच्यामागून दोन पिल्लं गडगडत आली. त्यातलं एक आईच्या मागच्या पायाला धरून उभं राहायला बघत होतं. वर सुळक्यांच्या टोकांवर नुकतं ऊन पडलं होतं. हलूनकाला रडू आलं. परत येताना तो स्वतःशीच मोठमोठ्यानं बोलत होता.

गावातले कापडाचे शेठ दरवर्षी त्याच्या फोटोंची दिनदर्शिका छापून गिऱ्हाइकांना वाटत. खोऱ्यात एक घर, एक दुकान असं नव्हतं जिथं ती टांगलेली नाही. नव्या वर्षाच्या मार्चच्या पानावर अस्वलीण घालायची हे ठरलेलंच होतं. त्याच सकाळचा दुसराही एक फोटो होता, नुसती आई आणि पिल्लांची तोंडं.

"हा घाला की," बायको म्हणाली. "किती गोड आहेत. त्या दुसऱ्यात अस्वल कमी आणि डोंगरच जास्त."

"तुला फोटोतलं काय कळतं?" तो फटकन म्हणाला. "घराशिवाय जनावर म्हणजे बाजारातलं खेळणं."

सुळक्यांचा फोटो छापायला गेला. पहिला गठ्ठा आला तेव्हा त्यानं स्वतः जाऊन एक प्रत चौकीवर गार्डाला दिली. गार्डानं ती हातात धरून बराच वेळ पाहिली. "सुळके काय आलेत, दादा!" तो म्हणाला आणि मार्चचंच पान वर ठेवून खिळ्यानं ती भिंतीवर टांगली.

थंडी ऐन भरात असताना गार्ड एका सकाळी दुकानात आला. स्टुलावर एक म्हातारे गृहस्थ ओळखपत्रासाठी बसले होते.

"दादा, कॅमेरा घ्या. नोंदीचे फोटो काढायचेत."

जंगलात मेलेल्या जनावरांचे फोटो काढायला कचेरी त्यालाच बोलवायची. त्यानं काही विचारलं नाही. गार्डाचं तोंडच सांगत होतं. बायकोनं त्याचा गळपट्टा आणून दिला आणि म्हाताऱ्यांसमोर ती स्वतः दुकानातल्या दुसऱ्या कॅमेऱ्याशी उभी राहिली.

चढ चढताना गार्डानं तुटक तुटक सांगितलं. तिघं होते. ती झोपेत होती, तशीच गोळी घातली. कातडं काढून होण्याआधी गार्डाची चाहूल लागली आणि ते पळाले. एकाला खाली ओढ्यात धरलं, त्याच्याजवळ पोत्यात एक पिल्लू होतं. ते आता शहरातल्या पिंजऱ्यात जाईल. दुसरं वरच्या बर्फात पळालं होतं. त्याचा माग थोडा वर जाऊन नव्या बर्फाखाली बुजला होता.

कपारीपुढं ती अर्धवट सोललेली पडली होती. हलूनकानं कॅमेरा डोळ्याला लावला. असले फोटो त्याला जवळूनच काढायची सवय होती, जखम दिसावी एवढीच.

"दादा, थोडं मागं या," गार्ड खाली मान घालून म्हणाला. "साहेबांनी बजावलंय. मागचा सुळका यायला पाहिजे. जागा ओळखू आली पाहिजे."

हलूनका मागं सरकला. आणखी मागं सरकला. मग एकदम त्यानं कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला. ह्याच खडकावरून, ह्याच बाजूनं, हेच दोन सुळके त्यानं घराघरात टांगले होते. ह्या खोऱ्यात गुरं राखलेल्या कुणालाही सुळके दाखवा, तो डोळे मिटून वाट सांगेल. त्यानं टिंगल केलेल्या शहरातल्या फोटोवाल्यांच्या फोटोवरून बापजन्मी कुणाला कपार सापडली नसती.

"त्यांना जागा कुणी सांगितली?" त्यानं विचारलं.

गार्ड बुटावरचं बर्फ झटकू लागला.

"अरे, बोल ना! पकडलेला काय म्हणाला?"

"म्हणाला, विचारायचं कशाला? पत्ता तर भिंतीवर टांगलाय."

हलूनका बर्फातच बसला. गार्ड शेजारी येऊन बसला. "माझ्या चौकीतही होती की, दादा," तो म्हणाला. "रोज बघत होतो. मला तरी कुठं दिसलं?" पण असल्या सांत्वनानं कधी कुणाचं भागलंय? सुळक्यांसकट सगळे फोटो काढून झाल्यावरच दोघं खाली उतरले.

दुसऱ्या पिल्लाला गार्ड पुष्कळ दिवस शोधत राहिला. हलूनकाही जायचा, कॅमेरा न घेता. सापडलं काहीच नाही. शेठकडे जाऊन त्यानं दिनदर्शिका परत मागवा म्हणून हात जोडले. शेठ चांगला माणूस, पण गोंधळला. "अहो, वाटून झाल्या. आणि मार्चचं पान तर लोकांना सगळ्यात आवडलंय." घरी बायको एकदाही म्हणाली नाही की मी सांगत होते. तिनं ते म्हटलं असतं तर त्याला भांडता तरी आलं असतं.

मार्च लागला त्या सकाळी ती स्वयंपाकघरात भिंतीशी उभी होती, दिनदर्शिकेच्या फेब्रुवारीच्या पानाचा कोपरा धरून. त्यानं नुसती नको म्हणून मान हलवली. तिनं पान सोडून दिलं.

गावानं मात्र पान उलटलं होतं. बेकरीत, औषधांच्या दुकानात, बसथांब्याच्या टपरीत ती उजेडाला डोळे बारीक करून उभी होती. खाली मान घालून तो सलूनमध्ये शिरला, तर आरशाशेजारीच ती.

"या, या! तुमच्या अस्वलीणबाई आल्या बघा," सलूनवाला आनंदानं म्हणाला. बाकावरचे दोघंतिघंही वळून बघू लागले. "ते पिल्लू बघा हो, कसं आईचा पाय धरून उभं राहतंय. सकाळपासून जो येतोय तो विचारतोय."

"मेली ती," हलूनका म्हणाला. "झोपेत मारली. पिल्लंही गेली. हा फोटो बघून गेले मारायला."

सलूनवाल्याचा हात थांबला. सगळे पुन्हा त्या पानाकडे बघत राहिले. हलूनकाही बघत राहिला, कारण नजर जायला दुसरी जागाच नव्हती.

"अरेरे," शेवटी सलूनवाला हळूच म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काहीतरी बरं बोलायचं होतं. "पण फोटो काय सुंदर काढलाय हो तुम्ही."

तो खोटं बोलत नव्हता. फोटो खरंच सुंदर आला होता. हलूनकानं जन्मात इतका चांगला फोटो कधी काढला नव्हता.